गंज काढायचा राहिलाय

मी मोटरसायकलींचं डेंटिंग-पेंटिंग करतो. ठोकून पत्रा सरळ करायचा, गंज खरवडायचा, पुट्टी भरायची, घासायचं आणि रंग मारायचा. उभा जन्म त्यात गेला. माझ्याकडे गाडी येते ती मार खाऊन आणि जाते ती शोरूममधून निघाल्यासारखी. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते या सवयीनंच झालं.

माझी बायको फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. जुन्या पद्धतीचं, हातानं. दोन-चार केसांचा ब्रश घेऊन ती लोकांच्या तोंडावरचे फोड, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. नवऱ्या मुलीच्या नाकावरचा तीळ घालवायचा की ठेवायचा यावरून स्टुडिओत भांडणं व्हायची म्हणे. मला म्हणायची, "तुम्ही पत्रा गुळगुळीत करता, मी गाल. आपला धंदा एकच."

स्टुडिओच्या मालकाला सगळे फोकस म्हणतात. खरं नाव त्याच्या पाटीवर असेल. फोटो काढताना तो समोर बसलेल्या माणसावर "फोकस, फोकस!" म्हणून ओरडायचा, जसा काही माणूसच धुरकट आहे. कॉम्प्युटर आला तेव्हा फोकसनं हाताचं रिटचिंग बंद केलं. बायको घरी बसली. हात काही बसेनात. तिनं आमच्या भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतलं माझं नाक सरळ केलं. मी म्हटलं, "अगं, आता नाक राहू दे, दुसरं काहीतरी शोध."

तिनं शोधलं. खेळण्यांच्या दुकानातून एक खोकं आणलं. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना चिकटलेले मोटरसायकलचे बारीक बारीक भाग. एकेक भाग छोट्या कटरनं कापायचा, त्याचा टवका घासायचा, रंगवायचा, आणि गोंदाचा टिपूस लावून जोडायचा. झाली की दोन तळहातांत मावेल एवढी गाडी. खऱ्या गाडीच्या बारा पट लहान, पण त्यात एक नट, एक बोल्ट, एक वॉशर सुटलेला नाही. खोक्यात जे नसायचं ते ती स्वतः करायची. क्लचची केबल, पेट्रोलची नळी, सीटची शिवण. तारेचे तुकडे, सुई, वाळलेल्या पेनाची नळी, काहीही चालायचं तिला.

मी चिडवायचो, "तिकडे गॅरेजात खऱ्या गाड्या रांगेत पडल्यात आणि तू खेळण्याला केबल जोडत बसलीस."

"खऱ्यांना तुम्ही आहात. हिला कोण आहे?"

अशा दोन-तीन गाड्या झाल्या, त्या तिनं वाटून टाकल्या. मग एक दिवस ती खोकं घेऊन थेट गॅरेजात आली, ओढणीत झाकून, चोरीचा माल आणल्यासारखी. खोक्यावरचं चित्र बघून मी हातातली घासणी खाली ठेवली. आमची पहिली गाडी. आमची म्हणजे तीच नव्हे, पण तेच मॉडेल, तोच मरून रंग, टाकीवर सोनेरी पट्टा. त्या गाडीवर आम्ही फिरलो, पडलो, मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिला घरी आणलं. पुढे ती विकली.

"ही आपली करायची," बायको म्हणाली. "अगदी आपली."

मला वाटलं, आपली म्हणजे आपल्या रंगाची.

त्यानंतर तिचं दुखणं सुरू झालं. मुलगी दुसऱ्या गावात नोकरी करते, ती रजा काढून आली. बरं वाटायचं त्या दिवसांत मायलेकी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या, गाडी मध्ये. मी दिवसभर गॅरेजात. घरी आलो की गाडीवर प्लास्टिकचा डबा उलटा घातलेला असायचा, धूळ बसू नये म्हणून. मी डबा उचलायला गेलो तर दोघी एकदम, "अंहं!" अर्धवट काम बघू द्यायचं नाही, हा तिचा नियम होता. माझाही तोच आहे. प्रायमर मारलेली गाडी मी गिऱ्हाइकाला कधी दाखवत नाही. म्हणून मीही कधी हट्ट केला नाही.

मग दवाखाना आला आणि टेबल राहिलं. शेवटच्या आठवड्यात ती फार बोलत नव्हती. मी पलंगाशेजारी स्टुलावर बसलो होतो. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. बायको म्हणाली,

"एक काम राहिलंय."

"कसलं?"

"गाडीचं. उजवी बाजू माझी झाली. डाव्या बाजूला गंज काढायचा राहिलाय. तो तुम्ही काढा."

"मी? मला तुझं ते मुंगीएवढं काम कुठं येतंय?"

"तुमच्याइतका गंज कोणी बघितलाय?" ती हसली. हसताना तिला त्रास झाला. "पोरीला कबूल केलंय मी. तिला द्यायची."

"तू घरी आलीस की करू दोघं."

"डावी," ती म्हणाली. "विसरू नका."

मी विसरलो नाही. ती गेल्यावर ते एकच वाक्य धरून बसलो होतो.

ती गेल्यानंतर मी घर साफ केलं. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हात रिकामे ठेवले तर वेड लागेल असं वाटत होतं. औषधं फेकली. पडदे धुतले. गादी बदलली. तिचे कपडे बांधून दवाखान्यातल्या आयाबायांना देऊन आलो. खोलीची भिंत एका बाजूनं कळकट झाली होती, ती घासून रंगवली. मुलगी काही कागदपत्रांसाठी बाहेर गेली होती. परत आली आणि दारातच उभी राहिली. आत येईना.

"काय केलंत हे?"

"स्वच्छ केलं."

"बाबा, तिचा वास गेला घरातून."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती कपाट उघडून आत डोकं घालून उभी राहिली, तिथंही रंगाचाच वास येत होता. मग म्हणाली, "एवढी एक गाडी तरी नीट ठेवा. हात जोडते."

"पूर्ण करून देतो तुला. आईनं मला काम सांगितलंय."

"सांगितलं तुम्हाला?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाईक नवीन कारागिराकडे बघतं.

"मला. स्वतःच्या तोंडानं."

"बरं. पुढच्या महिन्यात येते न्यायला," ती म्हणाली आणि बॅग भरून गेली. फोन करायची, पण दोन वाक्यांचा. जेवलात का. हो. ठेवते. मला एवढं कळत होतं की ही गाडी तिच्या हातात नीट पडली तर ती परत घरात येईल, नाहीतर नुसतीच फोन करत राहील.

मी टेबलाशी बसलो आणि डबा उचलला.

आमच्या धंद्यात गाडीचं डावं-उजवं गाडीवर बसून ठरतं. बसणाऱ्याच्या डाव्या हाताला ती डावी. तिथं चेन आणि गिअर. उजवीकडे सायलेन्सर, किक आणि मागच्या ब्रेकचं पेडल. तुम्ही कुठंही उभे असा, गाडी उलटी असो की टांगलेली असो, हे बदलत नाही. बदललं तर पार्ट चुकीचा येतो.

उजवी बाजू आधी बघितली. आरशासारखा मरून. सायलेन्सरवर क्रोम असं की माझं बोट त्यात दिसावं. म्हटलं, शाबास. मग गाडी फिरवली.

डावी बाजू बघवेना. टाकीवर रंग मेलेला, एका जागी तर खालचा प्रायमर उघडा पडलेला, ओरखडेच ओरखडे. चेनच्या कव्हरवर तपकिरी डाग. मडगार्डखाली मातकट थर. इंजिनाखाली काळं ओघळलेलं. सीटखालच्या साइड कव्हरवर कसल्यातरी वेड्यावाकड्या रेघा, रंग तडकल्यासारख्या. एवढ्या सफाईच्या हाताची बाई, आणि हे काय? मग वाटलं, आजारपण. हात कापत असणार, रंग नीट मिसळता येत नसणार. मुलीसमोर कबूल करवलं नसेल, म्हणून मला एकट्याला गाठून सांगितलं. गंज काढायचा राहिलाय. तो तुम्ही काढा. मी डबा परत ठेवला आणि पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज बंद ठेवून मी कामाला लागलो. आधी उजव्या बाजूला टेप लावून ती झाकली, तिला धक्का लागू नये म्हणून. मग कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून चेनच्या कव्हरवर फिरवली. तपकिरी रंग लगेच काडीवर आला. म्हटलं, बघा, रंग धरलाच नव्हता. मडगार्डखालचा मातकट थर दाताच्या ब्रशनं काढला. इंजिनाचं काळं काढलं, त्याला जास्त वेळ लागला. पंखांसारख्या पातळ पट्ट्या असतात तिथं, एकीएकीच्या मधून सुईला कापूस गुंडाळून काढावं लागलं. टाकीवरच्या ओरखड्यांत पुट्टी भरली, सुकू दिली, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं घासली. साइड कव्हरवरच्या रेघा खोल होत्या. टोकदार काहीतरी लागल्याशिवाय अशा पडत नाहीत. तिथं दोनदा पुट्टी भरावी लागली.

रंग मी स्वतः मिसळला. मरून करणं सोपं नाही. काळा थेंबभर जास्त झाला की वाळलेल्या रक्तासारखा दिसतो. तिच्या छोट्या स्प्रेनं पातळ पातळ हात मारले, मध्ये वाळू दिले, शेवटी वार्निशचा हात. सोनेरी पट्टा ओढताना श्वास रोखून धरला. माझी बोटं जाड आहेत, नखांत ग्रीस कायमचं. पण पट्टा असा आला की टेप काढल्यावर दोन बाजूंत डावं-उजवं करायला जागा राहिली नाही.

काम करताना मी तिच्याशी बोलत होतो. "झालं बघ. तुला उगाच वाटत होतं." जेवण नीट जात होतं. झोप लागत होती. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की आपण यातून निभावू.

मुलगी यायच्या दोन दिवस आधी फोकस आला. बायको गेल्यापासून तो मधूनमधून येऊन बसतो. त्याचंही दुकान आता नुसतं पासपोर्ट फोटोंवर चाललंय.

"झाली म्हणे गाडी? बघू दे बाईंचं काम," तो खुर्ची ओढत म्हणाला. "मला दाखवली होती त्यांनी दवाखान्यात जायच्या आधी, फक्त पूर्ण झालेली उजवी बाजू. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे असताना हे लपवून का ठेवलंत?"

मी डबा उचलला. फोकसनं गाडी उचलून हेडलाइट स्वतःकडे करून धरली. चष्मा वर केला, खाली केला. इकडून बघितली, तिकडून बघितली.

"मिस्त्री, ही दुसरी आणली का?"

"दुसरी कुठली? तीच."

"मग उजवी बाजू कुठं गेली?"

"ही काय," मी सायलेन्सरची बाजू दाखवली.

"ती डावी."

"अहो फोकसशेठ, मनानं गाडीवर बसा की. सायलेन्सर कुठल्या हाताला येतो? उजव्या. जन्म गेला माझा यात, मला शिकवता होय?"

"गाडीवर कशाला बसू? फोटोत. समोर धरली की या हाताला येते ती उजवी." त्यानं माझ्या नव्या रंगावर बोट टेकवलं. "आम्ही असंच म्हणतो. उजवा गाल म्हणजे फोटोतला उजवा. माणसाचा कुठला का असेना."

मला आमचं जेवण आठवत होतं. ती समोर बसून म्हणायची, "उजव्या गालाला लागलंय तुमच्या," आणि मी नेहमी चुकीचा गाल पुसायचो, आणि ती हसायची. ते मी थट्टेवारी नेलं. वर्षानुवर्षं चुकीचा गाल पुसला आणि कधी विचारलं नाही की का.

"इथं चिखल होता," फोकस सांगत होता. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "टाकीवर घासल्याच्या खुणा होत्या. म्हणाल्या, आम्ही खडीवर पडलो तेव्हाच्या आहेत. आणि या कव्हरवर गंज. काय गंज काढला होता बाईंनी! हात लावला तर बोटाला लागेल असा."

"गंज मी काढला," मी म्हटलं.

"तुम्ही नाही हो, बाईंनी. ब्रशनं."

"मी टर्पेंटाइननं काढला."

फोकसनं गाडी हळूच खाली ठेवली. त्याला कळलं. मलाही त्याच वेळी कळलं. गंज काढणं म्हणजे माझ्या लेखी एकच गोष्ट. खरवडून, घासून, पुसून टाकणं. दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. लहान पोरही चित्र काढतं. पण गंज कोण काढेल? मुद्दाम? सुंदर गाडीवर? तिनं काढला होता. ती आजारी असताना काढला होता आणि तिचा हात अजिबात कापत नव्हता. उरलेली बाजू ती नुसती नवी कोरी रंगवून माझ्यासाठी सोडून गेली होती.

फोकस म्हणाला, "फोटो काढून ठेवला होता का कोणी?"

"अर्धवट कामाचा ती काढू द्यायची नाही."

"रिटच करू."

"काय?"

"मी थोडंफार बघितलंय. चिखल, गंज, ओरखडे. ब्रश आहेतच बाईंचे. पोरीला काय कळणार आहे? उद्या सकाळी येतो."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "या."

सकाळी तो आला. उन्हात टेबल ओढलं. त्यानं ब्रश ओला केला आणि विचारलं, "टाकीवरचा ओरखडा वरून खाली होता की आडवा?"

"आडवा. पडलो तेव्हा गाडी घसरत गेली."

"मला तिरका आठवतो."

"पडलो मी होतो की तुम्ही?"

"तुम्ही पडलात, पण बाईंनी काढला तो मी बघितलाय ना."

"मग काढा तिरका."

त्यानं काढला. तो ओरखड्यासारखा दिसेना, मिशीसारखा दिसत होता. आम्ही दोघं हसलो, आणि हसताना माझा संताप झाला. मी कापूस घेऊन ते पुसलं. फोकसनं चेनच्या कव्हरवर तपकिरी ठिपके दिले. मी इतका गंज बघितलाय, आणि तो गंज नव्हता. गंज आतून येतो, कडेपासून, पाणी साठतं तिथून. तेही पुसलं.

"राहू दे फोकसशेठ. हे तिचं नाही होत."

"मग पोरीला काय सांगणार?"

"झालं ते."

"आवडेल तिला. नवी कोरी दिसतेय," तो म्हणाला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मुलगी आली तेव्हा मी चहा टाकला होता. सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण तिनं बॅग खाली ठेवली आणि सरळ टेबलाकडे गेली. गाडी उचलून तिनं डावीकडचं, बसणाऱ्याच्या डावीकडचं, साइड कव्हर डोळ्यांजवळ नेलं. अंगठा फिरवला. परत फिरवला.

"बाबा, मांजर?"

"कसलं मांजर?"

"इथलं. माझं मांजर."

मला काही कळेना. ती म्हणाली, "मी लहान असताना गाडीवर खिळ्यानं मांजर काढलं होतं. तुम्ही मला किती ओरडला होतात. दुसऱ्याच दिवशी घासून रंग मारलात. आठवतंय?"

आठवत नव्हतं. गाडीवर ओरखडा दिसला की मी रंग मारतो. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय?

"आईला आठवत होतं. पाच पायांचं मांजर. पाचवा पाय म्हणजे खरं तर शेपूट होती, पण मी खाली काढली होती. आई म्हणाली, बाबांनी काढून टाकलं ना, मी तुला परत काढून देते. दोन दिवस लागले तिला. वहीत काढून बघितलं, मुद्दाम वाकडं, लहान मुलासारखं. मग सुईनं." तिनं गाडी माझ्यासमोर धरली. "कुठंय?"

तडकलेल्या रंगाच्या रेघा. दोनदा पुट्टी भरावी लागली होती.

"काढलं," मी म्हटलं. मग नीट म्हटलं, "मी काढून टाकलं. माहीत नव्हतं."

तिला सगळं सांगितलं. स्टुलावरचं बोलणं, डावं-उजवं, गंज, टर्पेंटाइन, फोकसची मिशी. काही लपवलं नाही. चहा उतू गेला, त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. ती ऐकत होती, आणि मध्येच हसली. ते हसणं मला सोसवेना.

"एवढी वर्षं एका घरात राहिलात तुम्ही दोघं," ती म्हणाली, "आणि डावं कुठलं ते ठरलं नाही."

"नाही ठरलं."

"मला विचारायचं होतंत. एक फोन. मी बसले होते ना इथं तिच्याबरोबर."

"मला वाटलं, तिला तुझ्यापासून लपवायचं होतं. तिचा हात चालत नव्हता म्हणून."

"हात चालत नव्हता? बाबा, तिला उठून बसता येत नव्हतं तेव्हाही तिनं तो गंज काढला. मी तिच्या पाठीला उशी धरून उभी राहायचे." तिनं तोंड फिरवलं. "तुम्ही सगळं साफ करता. काही शिल्लक ठेवत नाही तुम्ही."

मी म्हटलं, "तू सांग, मी परत काढतो. मांजर तू काढ."

"आता नाही येणार मला तसं. आणि तुम्ही काढाल ते कोणाचं असेल?"

ती खुर्चीवर बसली, गाडी मांडीवर घेऊन. नंतर तिनं ती फिरवली आणि सायलेन्सरची बाजू बघायला लागली.

"आणि ही? ही राहिली होती ना? आईची डावी."

"हो."

"तिनं मला सांगितलं होतं, ही बाबांची बाजू आहे. किक मारताना बूट घासायचा तिथं रंग गेला होता. ब्रेकचं पेडल घासून पांढरं झालं होतं. म्हणाली, ते नक्की कुठं ते मला माहीत नाही, मी मागे बसायचे, मला दिसायचं नाही, त्यांनाच माहीत. म्हणून तुमच्यासाठी ठेवली." तिनं पेडलवर नख टेकवलं. "ती केलीत?"

"नाही."

"म्हणजे तिनं सांगितलं ते काम अजून झालंच नाही."

"नाही झालं."

तिनं गाडी टेबलावर ठेवली, डबा उलटा घातला. बॅग उचलली. मी म्हटलं, अगं, आजचा दिवस तरी राहा. ती म्हणाली, "या भिंतीच्या वासात मला झोप येत नाही." दारात चपला घालताना म्हणाली, "झाली की न्यायला येईन."

"आणि नाहीच झाली तर?"

"झाली की सांगा," ती म्हणाली आणि गेली.

मी गॅरेज उघडलं. माझ्याकडे एक गाडी आलेली होती, नवीन धाटणीची, पण किक असलेली. मी जुने बूट घातले आणि तिच्यावर बसून किक मारली. चालू करायची नव्हती, बटण बंदच ठेवलं. पाय खाली गेला, वर आला. परत मारली. गाडीचा मालक चौकशीला आला होता, तो बघत राहिला.

"काय मिस्त्री, चालू होत नाही का?"

"होते."

"मग?"

"बूट कुठं लागतो ते बघतोय."

तो बाहेर जाऊन उभा राहिला. माझी बायको गेलीय हे त्याला माहीत होतं.

बूट खाली जाताना नाही, वर येताना लागतो. टाच इंजिनाच्या कव्हरच्या मागच्या कडेला घासते, अर्धगोल. हे मला माझ्या पायात सापडलं, डोक्यात नव्हतं. घरी येऊन मी सुई घेतली आणि नव्या कोऱ्या रंगावर ओढली. पहिली रेघ सरळ आली, पट्टीनं ओढल्यासारखी. दुसरीही तशीच. कुठलाही बूट असं घासत नाही. अशा सरळ रेघा त्या कव्हरवर आता पाच-सहा झाल्यात. गंजाचं तर नावच काढू नका. ब्रश टेकवला, तपकिरी ठिपका उमटला की दुसरा हात आपोआप कापसाकडे जातो. मी ठिपका द्यायच्या आधी कापसाची पिशवी बाहेरच्या खोलीत ठेवून येतो, तर सदऱ्याच्या बाहीनं पुसतो.

रविवारी मुलीचा फोन आला. जेवलात का. हो. तिनं गाडीचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, सांगण्यासारखं अजून काही झालेलं नाही.